गाडीवरचं सरपंचपद

“काय गं, गाडीचं क्यास वाळवतीयास व्हय?”

मी गाडीच्या मागे पाटावर बसले होते. हातात पार्लरमधला हेअर ड्रायर, त्याची वायर खिडकीतून आत गेलेली, मांडीवर दोऱ्याचं रीळ, शेजारी खोबरेल तेलाची बाटली आणि टॉवेल. ड्रायरच्या आवाजात मला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तोच प्रश्न पुन्हा जोरात विचारला.

“हळू बोला,” मी म्हणाले. “हे उठतील.”

“उठायचंच हाय की त्याला. आज सभा हाय न्हवं?”

सभा होती म्हणूनच मी ह्या उद्योगाला लागले होते. दोन ऑक्टोबर, ग्रामसभेचा दिवस. ह्यांचे पांढरे कपडे खळ घालून, कडक इस्त्री करून आत खुंटीला लावलेले. मरून रंगाची गाडी ह्यांनी आदल्या संध्याकाळीच धुऊन पुसून अंगणात उभी केलेली. आणि गाडीच्या मागे, डिकीवर, सोनेरी उठावाची अक्षरं: सरपंच. ह्यांची झोप मोडायच्या आत मला ती अक्षरं उतरवायची होती, आणि रंगाला एक ओरखडाही येऊ द्यायचा नव्हता.

इथं एक सांगायला हवं. माळखडीची सरपंच मी होते.

जागा बायकांसाठी राखीव झाली आणि ह्यांनी माझा फॉर्म भरला. त्याआधीच्या निवडणुकीत हे स्वतः सदस्यपदाला उभे राहून पडले होते, तेही आपल्याच वॉर्डात, आपल्याच भावकीत. मी मात्र चांगल्या मतांनी निवडून आले. ते ह्यांच्या धावपळीमुळे की माझ्या पार्लरमुळे, ह्यावर आमच्यात अजून एकमत नाही. गावातल्या निम्म्या बायांच्या भुवया माझ्या हाताखालून गेलेल्या. डोळे मिटून मान मागे टाकली की बाई जे बोलते ते नवऱ्याला तर सोडाच, देवालाही सांगत नसेल. तेव्हा गावाचं दुखणं काय आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. पण निवडून आल्यावर पार्लर तेवढं माझं राहिलं आणि सरपंचपद ह्यांच्याकडे गेलं. मी सही करायची, हे बोलायचे. पंचायतीत टेबलामागे दोन खुर्च्या मांडल्या जायच्या. एकीत मी बसायचे आणि सगळा गाव दुसरीकडे बघून बोलायचा.

ह्यांनी ही जुनी गाडी घेतली तीही त्याच वर्षी, द्राक्षं बरी गेली म्हणून. विट्याला रेडियमच्या दुकानात ही अक्षरं लावली तेव्हा मी बरोबर होते. आधीच्या मालकाने मागे आपल्या पोरांची नावं इंग्रजीत चिकटवली होती. ती दुकानदाराने कशी काढली ते मी शेजारी उभी राहून बघितलं. आधी साबणाचं पाणी, कारण धुळीचा कण राहिला की तोच रंगावर ओढला जातो. मग गरम हवा, डिंक मऊ पडेपर्यंत. मग अक्षराच्या मागून दोरा घालून करवतीसारखा मागेपुढे न्यायचा. सुरी नाही, पट्टी नाही, लोखंडाचं काहीच नाही. शेवटी तेल लावून राहिलेला डिंक अंगठ्याने चोळून काढायचा. मी मनात म्हटलं, अगं बाई, हे तर माझंच काम. गरम करा, दोरा फिरवा, तेल लावा. इथं फक्त गिऱ्हाईक ‘आई गं’ म्हणत नाही.

“आन ह्ये कशापायी?” आत्या माझ्याशेजारी उकिडव्या बसल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्या अक्षरांत काय लिहिलंय हे त्यांना पक्कं माहीत होतं. लेकाची गाडी गावात शिरली की चारचौघींना त्याच तर दाखवायच्या.

“नंतर सांगते. आधी सुटू दे.”

मी ड्रायरची हवा आधी मनगटावर घेतली. वॅक्स लावण्याआधी घेते तशी. मनगटाला सोसलं तर रंगालाही सोसणार, असा माझा हिशेब. मग अक्षरांवरून सावकाश हात फिरवत राहिले, एका जागी थांबायचं नाही. इंग्रजी अक्षरं एकेक सुटी निघतात. आपला शब्द वरच्या रेघेने बांधलेला असतो, तो सगळाच्या सगळा सुटतो नाहीतर मधे मोडतो. मी ‘स’च्या कडेने दोरा आत घातला आणि दोन्ही हातांनी ओढायला सुरुवात केली. दोरा जरासा आत गेला आणि तुटला. दुहेरी केला, तोही तुटला. भुवईचा केस आणि विट्याचा डिंक ह्यांत फरक असतो.

“थांब,” आत्या म्हणाल्या आणि घरातून उलथनं घेऊन आल्या. “ह्ये घाल खालनं. चपाती सुटती तसं सुटंल.”

“अहो आत्या, रंग खरवडून निघंल! तुमच्या लेकाचा जीव जाईल.”

“मग तंगूस घे. आबाच्या गळाची हाय बघ, माळ्यावर.”

आबा म्हणजे हे. रविवारी तलावावर गळ टाकून बसायची ह्यांना हौस. मासा घरी आल्याचं मला फारसं आठवत नाही, पण गळाची ही नायलॉनची दोरी, तंगूस, उत्तम होती. आत्यांनी ती आणली आणि दातांनी तोडून दिली. मी ती दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळली, अक्षर पुन्हा गरम केलं आणि रेटा दिला. तंगूस लोण्यात जावी तशी आत गेली. ‘स’ रंगापासून सुटून जरा पुढे आला. आत्यांनी खूश होऊन माझ्या पाठीत थाप मारली.

आणि लाईट गेली.

ड्रायर गप्प झाला. आतला पंखाही थांबला असणार, कारण थोड्या वेळात खाट करकरली. मी आत्यांकडे बघितलं.

“बंबात पानी तापलंय,” त्या म्हणाल्या. “आनू?”

ह्या बाईला मी काय करतेय हे अजून सांगितलेलं नव्हतं, तरी त्या माझ्या बाजूने होत्या. का, ते मला अजूनही नीट कळलेलं नाही. त्यांनी गरम पाण्याची कळशी आणली. मी टॉवेल बुडवून, पिळून, अक्षरांवर दाबून धरला. फेशियलच्या आधी चेहऱ्यावर ठेवते तसाच. एक गार झाला की दुसरा. तसं करत ‘र’ सुटला.

“ह्ये काय चाललंय?”

हे दारात उभे होते. बनियन, लुंगी, तोंडात दात घासायचा ब्रश. मी उठले नाही.

“अक्षरं काढतीया,” मी म्हणाले.

ह्यांनी ब्रश तोंडातून काढला. अंगणातून जवळजवळ पळतच आले आणि वाकून गाडीच्या रंगावरून बोट फिरवलं. मी कुणालाही सांगेन, माझा नवरा वाईट माणूस नव्हता. बायको आपलं सरपंचपद खरवडून काढतेय हे डोळ्यांनी दिसत असताना त्याच्या तोंडून पहिलं वाक्य काय यावं?

“अगं, रंग निघंल की!”

“न्हाई निघत. विट्याला काढली तशीच काढतीया. बघा, कुठं ओरखडा दिसतोय का.”

ह्यांनी बघितलं. ओरखडा नव्हता. मग ह्यांना रागवायची आठवण झाली.

“पन काढायची कशाला? कुनी सांगितलं तुला?”

“कुनी न्हाई.”

“मग?”

मी टॉवेल बदलला. हात कामात असला की बोलणं सोपं जातं, हे मला पार्लरने शिकवलंय.

“काल सांजच्याला ओढ्याच्या वस्तीवरली हिराबाई आली हुती. दारात उभी ऱ्हाऊन म्हनली, सरपंच हायत का?”

“मग?”

“मी सांगितलं, बाहेर गेलेत.”

हे माझ्याकडे बघत राहिले. “मी बाहीरच गेलतो की. द्राक्षाच्या औशिदाला.”

“अवो,” मी म्हणाले, “सरपंच मी हाय. मी तिच्याम्होरं दारात उभी हुती. आन तिला माझ्या तोंडानं सांगितलं की सरपंच बाहेर गेलेत. ती परत गेली. ती ओढ्यापाशी पोचली तवा मला उमगलं मी काय बोलली ते.”

पहिल्यांदा आत्या हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. मग त्यांचं हसू आपोआप थांबलं. त्या उठून बंबाकडे गेल्या.

रात्रभर मी तेच एक वाक्य घोळवत पडले होते. गाव मला सरपंच म्हणत नाही ह्याची मला सवय झाली होती. पण मीच म्हणत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. त्या शब्दाचा मला राग नव्हता, मला तो हवा होता. आणि तो रोज सकाळी ह्यांच्या गाडीवर बसून बाहेर जात होता.

“काय काम हुतं हिराबाईचं?” ह्यांनी विचारलं.

“दिव्याचं.”

गावाला एक हायमास्ट मंजूर झाला होता. उंच खांब, वर चारी बाजूंना दिवे, अख्खा माळ उजळेल असा. एकच. तो कुठं उभा करायचा हे त्या दिवशीच्या सभेत ठरायचं होतं. ह्यांनी तालमीच्या पोरांना कधीच शब्द देऊन टाकला होता की दिवा चौकात, तालमीसमोर. वस्तीवरच्या बायांचं म्हणणं, तो फाट्यावर हवा. कॉलेजच्या पोरी संध्याकाळच्या एसटीने फाट्यावर उतरतात आणि ओढ्यातून अंधारात चालत येतात. हिराबाईची पोरगी त्यांतलीच. दिवाळीनंतर तिचं कॉलेज बंद करायचं, असं त्यांच्या घरात चाललं होतं.

“मी शबुद दिलाय पोरांना,” हे म्हणाले.

“सरपंच म्हनून दिलाय.”

“मग?”

“मग त्यो तुमी कसा देताय?”

हे ओट्यावर बसले. ब्रश अजून हातातच होता, त्याचा फेस पायावर ठिबकत होता. मी ‘प’खालून तंगूस ओढायला घेतली. सगळ्यांत चिवट तोच. वरचं टिंब वेगळं चिकटवलेलं होतं. ते टचकन उडून मातीत पडलं, ते आत्यांनी उचलून कनवटीला लावलं.

“गाडी तुमची हाय,” मी म्हणाले. “घामाच्या पैशाची हाय. तिला मी नख लावलं न्हाई, लावनार न्हाई. शबुद तेवढा माझा हाय. त्यो मी काढून घेतीया.”

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही ओरडायचंच होतं. पण हे अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “ह्ये काढल्याव लोकांनी मला काय म्हनायचं?”

“आधी म्हनत हुते तेच.”

“आधी कोन हाक मारत हुतं?”

खरं सांगते, माझा हात थांबला. निवडणुकीत पडल्यानंतरचे ह्यांचे दिवस मी बघितले होते. मळ्यातल्या शेडमध्ये जाऊन बसायचे, जेवायला बोलवायला मला जावं लागायचं. चहाच्या टपरीवर जायचं बंद झालं होतं. आणि ह्या गाडीनंतर तोच माणूस रस्त्याने जाताना लोक हाक मारून थांबवू लागले. ‘सरपंच, या की.’ ‘सरपंच, चहा घ्या.’ कुणाची बाळंतीण न्यायची असो, कुणाच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात पोचवायचं असो, हे रात्री-बेरात्री गाडी काढायचे. एकदाही नाही म्हणाले नाहीत. अर्धा शब्द अजून चिकटलेला होता. बाकीचा अर्धा अंगठ्याने दाबला असता तर पुन्हा बसलाही असता. मला वाटून गेलं, असू दे, काय बिघडतंय. मी सही करतेच आहे.

“टावेल गार हुतोय,” आत्या मागून म्हणाल्या.

त्यांनी वाफाळता टॉवेल माझ्यापुढे धरला होता. मी तो घेतला आणि ‘च’वर दाबला. शेवटचा भाग होता. तंगूस आत गेली, एकदा, दोनदा, आणि सगळा शब्द पुढे झुकला.

“थांब, मोडंल!” हे ओट्यावरून उठले आणि खाली ओंजळ धरली.

शब्द ह्यांच्या ओंजळीत पडला. अखंड, नुसतं टिंब तेवढं नव्हतं. हे तो हातात घेऊन बघत राहिले. मी तेल लावून डिंक चोळायला लागले. काळा, चिकट डिंक अंगठ्याखाली गोळ्या होऊन सुटत होता. मऊ फडक्याने सगळं पुसलं आणि मी मागे सरकून बघितलं.

डिकीवर लिहिलं होतं: सरपंच.

सोनेरी नाही, मरूनच, पण बाकीच्या गाडीपेक्षा गडद. गाडीचा रंग उन्हाने फिका पडला होता. अक्षरांखालचा तेवढा नवा करकरीत राहिला होता. आधी पंधरा पावलांवरून वाचता येत होतं, आता पंचवीस पावलांवरून वाचता आलं असतं.

आत्या काही तरी झालंय हे ओळखून जवळ आल्या. “काय गं? गेलं न्हाई?”

“गेलं,” मी म्हणाले. “पर दिसतंय.”

त्या मोठ्यांदा हसल्या. मलाही हसू फुटलं, आणि त्याबरोबर रडूही. एवढा खटाटोप करून शब्द तिथंच. ह्यांच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं. हे गाडीभोवती फिरले, उजेडाकडे मान वाकडी करून डिकी बघितली, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. ही आठी माझ्या ओळखीची होती. गाडीवर कावळा शिटला की ती पडते.

“ह्ये असं न्हाई चालायचं,” हे म्हणाले. “डाग दिसतोय.”

शब्द ओट्यावर ठेवून ह्यांनी डिकी उघडली, पॉलिशची डबी काढली, फडकं घेतलं आणि घासायला सुरुवात केली. बनियनवर, लुंगी खोचून, गोल गोल. ते घासणं माझ्यासाठी चाललेलं नव्हतं. गाडीवर डाग असणं ह्यांना सोसवत नाही, एवढंच. पण घासताना तो शब्द फिका होत होता, आणि तो हेच घालवत होते.

सभेची वेळ होत आली. मी आंघोळ करून, हिरवी सुती साडी नेसून बाहेर आले तेव्हा हे अजून घासत होते.

“येताय न्हवं?” मी विचारलं.

“काय म्हनून येऊ?”

“गावकरी म्हनून या.”

हे घासत राहिले. मी चपला घातल्या आणि चालत निघाले. निवडून आल्यापासून सभेला चालत जाण्याची ती माझी पहिलीच वेळ.

पंचायतीपुढे मांडव घातला होता. पुढे सतरंजीवर बाप्ये, मागे बाया, कडेला उभी राहिलेली तालमीची पोरं. टेबलामागे नेहमीसारख्या दोन खुर्च्या. मी शिपायाला एक उचलायला सांगितली. त्याने कुठली ते विचारलं. मी म्हणाले, कुठलीही. तो गोंधळला, पण एक खुर्ची उचलून आत घेऊन गेला. मी उरलेलीत बसले.

आमचे ग्रामसेवक, लोंढे भाऊसाहेब, भला माणूस. ते कागद लावून तयार होते, पण सुरुवात करीनात. रस्त्याकडे बघत होते. शेवटी माझ्याकडे वाकून आदराने म्हणाले, “वहिनी, सरपंच आले की लगेच सुरू करू.”

“आलेत,” मी म्हणाले. “करा सुरू.”

त्यांनी पुन्हा रस्त्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि ते घसा खाकरून मागच्या सभेचा वृत्तांत वाचायला लागले.

पहिले दोन विषय झरझर गेले. तिसरा दिव्याचा. मी उभी राहिले. भुवया करताना मी तासन्‌तास बोलू शकते, पण तेव्हा समोरची डोळे मिटून असते. इथं सगळे डोळे उघडे, आणि सगळे माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघणारे. मी सांगितलं, दिवा फाट्यावर व्हावा असं माझं मत आहे. का, तेही सांगितलं. एसटीची वेळ सांगितली, ओढा सांगितला, पोरींची कॉलेजं बंद व्हायला आलीत हेही सांगितलं. बोलून झालं. तालमीची पोरं एकमेकांकडे बघून गालात हसली. त्यांना माहीत होतं, वहिनी बोलल्या म्हणजे काही ठरलं असं नव्हे. खरं काय ते संध्याकाळी चहाच्या टपरीवर ठरणार. पुढं बसलेले एक आजोबा मला समजावत म्हणाले, “बरं बोललीस पोरी. आता सरपंच आल्यावर बघू.”

“माझा विरोध हाय.”

आवाज मांडवाच्या मागच्या टोकाकडून आला. सगळ्या माना वळल्या. हे उभे होते. कडक इस्त्रीचे कपडे नव्हते, घरचाच मळका शर्ट. कोपरापर्यंत हात पॉलिशने पांढरे झालेले. बाप्यांनी उठून वाट करायला सुरुवात केली, पुढं या, पुढं या. हे जागचे हलले नाहीत.

“सरपंच,” हे म्हणाले, “माझा ह्या ठरावाला विरोध हाय.”

क्षणभर कुणाला कळेना, हे कुणाला बोलतायत. लोकांनी ह्यांच्याकडे बघितलं, मग ह्यांची नजर जिकडे होती तिकडे बघितलं. नजर माझ्यावर होती.

आणि हे भांडायला लागले. अगदी मनापासून. चौकात तीन रस्ते मिळतात, आठवड्याचा बाजार भरतो, गणपती तिथंच बसतो, फाट्यावर खांब उभा केला तर त्याच्या तारा कोण राखणार. मुद्दे खरे होते. मीही सोडलं नाही. चौकात दुकानांचे दिवे आहेत की नाहीत? बाजार दिवसा भरतो की रात्री? तारा राखायला वस्तीवरची माणसं काय परमुलखातली आहेत? हे बोलले की मी बोलायचे, मी बोलले की हे. मांडवात एवढी शांतता होती की बाहेर बांधलेली शेळी रवंथ करताना ऐकू यावी. मग हळूहळू दुसरेही बोलायला लागले. एकाने ह्यांची बाजू घेतली. हिराबाई उठून माझी. तालमीतलं एक पोरगं चिडून माझ्यावर ओरडलंसुद्धा, आणि मला काय सांगू किती बरं वाटलं.

लोंढे भाऊसाहेब भराभर लिहीत होते. ते मधेच थांबले. “अध्यक्षांना नाव पुकारावं लागतं. विरोध कुणाचा म्हणून नोंदवू?”

मी तोंड उघडलं आणि अडकले.

मागच्या बायांच्या ते माझ्याआधी ध्यानात आलं. तिकडून खसखस सुरू झाली. लग्नाला चौदा-पंधरा वर्षं झालेली, आणि ह्यांचं नाव मी घेतलं होतं ते उखाण्यात, हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, तेही पदराआडून. नुसतं नाव, चारचौघांत, सासूसमोर, कधीच नाही. आत्या मागच्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनी आत्तापासूनच तोंडाला पदर लावला होता. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे छाती काढून उभे होते, वाट बघत होते.

“लिहा,” मी म्हणाले. “श्री. सर्जेराव बापू निकम.”

मांडव फुटायचा बाकी राहिला. बायांनी टाळ्या पिटल्या. “उखाण्यात घ्या! उखाण्यात!” कुणीतरी ओरडलं. हिराबाई हसून हसून शेजारणीच्या अंगावर पडली. पुढचे ते आजोबा कानाला हात लावून, “काय म्हनली? काय म्हनली?” असं विचारत होते.

“उखाणा संक्रांतीला,” मी म्हणाले. “आता हात वर करा. दिवा फाट्यावर हवा म्हणणारे आधी.”

मागून हात वर गेले, सगळेच्या सगळे. मग मधले काही, मग पुढचे. भाऊसाहेबांनी मोजले. मग विरोधातले हात. त्यात पहिला हात ह्यांचा, पांढराफटक, सगळ्यांत उंच. ठराव माझ्या बाजूने झाला. हात खाली घेताना हे हरल्यासारखे दिसत नव्हते. तालमीच्या पोरांतलं कुणीतरी म्हणालं, “चला, गावाला विरोधी पक्षनेता घावला,” आणि हे चक्क लाजले.

माझे डोळे भरून आले होते. समोरचा कागद मला नीट दिसेना. तोवर गावात मला मान देणारे पुष्कळ होते, पण माझ्याशी भांडावं असं कुणाला कधी वाटलं नव्हतं. नुसत्या सहीशी कोण भांडतं? ते करायला पहिला माणूस उठला तो माझ्या घरचा. मला आनंद झाला, अभिमान वाटला, आणि त्या मळक्या शर्टातल्या माणसावर इतका जीव आला की लग्नातही आला नसेल. पदराने डोळे टिपले आणि मी पुढचा कागद उचलला.

“विषय क्रमांक चार,” मी म्हणाले.

“सरपंच,” मागून तोच आवाज आला, “ह्यावरबी माझं म्हननं हाय.”